तापलं की टक्‌कन तुटणारा स्विच: थर्मोस्टॅट, कटआउट आणि ओव्हरलोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गिझर, इस्त्री, मिक्सर, राइस कुकर आणि पाण्याचा हंगाम सुरू झाला की शेतीपंपाचे स्टार्टर, अशी कामं येतात. गिऱ्हाइकं बदलतात, प्रश्न तेच राहतात, आणि त्यातले निम्मे एकाच वस्तूभोवती फिरतात: तापल्यावर आपोआप वीज तोडणारा, पोटात स्प्रिंग असलेला छोटा स्विच. काउंटरवर उभ्या उभ्या जे पुरतं सांगता येत नाही ते इथे लिहिलं आहे.

असा स्विच आमच्या घरात आहे का?

एक नाही, आठ-दहा तरी असतील. गिझरमध्ये दोन, इस्त्रीत एक किंवा दोन, मिक्सरच्या बुडाशी एक, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला चिकटलेला एक, किटलीत, राइस कुकरमध्ये, आणि मीटरजवळच्या डब्यातल्या प्रत्येक एमसीबीत (जास्त करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) एकेक. जुनी ट्यूबलाइट असेल तर तिच्या स्टार्टरमध्येही. विहिरीवर मोटार असेल तर स्टार्टरच्या पेटीतला, भार जास्त झाला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले हा याच घराण्यातला.

नुसत्या उष्णतेने स्विच हलतो तरी कसा?

बहुतेकांच्या पोटात द्विधातू पट्टी असते. दुकानात आम्ही तिला सरळ 'बायमेटल' म्हणतो. वेगवेगळ्या धातूंचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर पक्के जोडलेले असतात. तापल्यावर एक जास्त वाढतो, दुसरा जवळजवळ वाढतच नाही. दोघं चिकटलेले असल्यामुळे कुणाला सुटून वाढता येत नाही, म्हणून सगळी पट्टी वाकते. पावसाळ्यात पुस्तकाचा पुठ्ठा वळतो तो याच कारणाने: एका अंगाचा कागद ओल धरून जास्त फुगतो.

वाकणं किती असतं ते आकड्यात बघण्यासारखं आहे. पितळेची १० सेंटिमीटरची पट्टी ६० अंशांनी तापवली तर ती जेमतेम ०.११ मिलिमीटर वाढते. त्याच लांबीची इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची पट्टी ०.०१ मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. फरक केसाच्या जाडीएवढा. पण दोन्ही मिळून १ मिलिमीटर जाडीची पट्टी केली आणि एक टोक पक्कं धरलं, तर दुसरं टोक सात-आठ मिलिमीटर बाजूला सरकतं. केसाएवढ्या फरकातून करंगळीच्या नखाएवढी हालचाल मिळते, आणि त्यासाठी ना बॅटरी लागते ना सर्किट.

इन्व्हार म्हणजे ६४ टक्के लोखंड आणि ३६ टक्के निकेल. शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हा मिश्रधातू शोधला आणि १९२० मध्ये त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. द्विधातू पट्टी मात्र त्याहून जुनी. जॉन हॅरिसन या इंग्लंडच्या सुतार-घड्याळजीने १८व्या शतकात जहाजावरच्या घड्याळासाठी ती वापरली, कारण थंडी-उन्हात घड्याळ मागेपुढे होत होतं. समुद्रावरची वेळ अचूक ठेवण्यासाठी शोधलेली वस्तू आज आपली इस्त्री सांभाळते, याचं मला आजही नवल वाटतं.

पट्टी वाकून वीज तुटते, मग स्प्रिंग कशाला?

सगळी मेख इथेच आहे.

पट्टी हळूहळू तापते, म्हणून हळूहळू वाकते. तिच्याच टोकाला वीज तोडायचं काम दिलं तर दोन पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी धातूची टोकं, अगदी सावकाश दूर होतील. सुरुवातीला त्यांच्यात कागदाएवढीही फट नसते. २ किलोवॅटच्या गिझरला साडेआठ-नऊ अँपिअर करंट लागतो. तो एवढ्या बारीक फटीतून उडी मारत राहतो, ठिणगी पडते, पॉइंट जळतात, वितळून एकमेकांना चिकटतात. चिकटले की स्विच कायमचा चालू. ज्याने वाचवायचं त्यानेच घात केला, असं होतं.

म्हणून तोडण्याचं काम स्प्रिंगकडे दिलेलं असतं. उंदराचा सापळा आठवा. स्प्रिंग आधीच ताणून अडकवलेली असते. उंदीर खोबऱ्याला नुसतं नाक लावतो, अडकण सुटते, आणि बाकीचं काम क्षणात उरकतं. इथेही वाकणारी पट्टी फक्त अडकण सोडवते. साठवलेला जोर स्प्रिंगचा असतो. पट्टी कितीही सावकाश वाको, पॉइंट मात्र एका झटक्यात लांब जातात.

झटक्याला विजेचीही साथ असते. आपल्या घरातला करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरतो, म्हणजे सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. शून्यावर आला की ठिणगी आपोआप विझते. तेवढ्यात पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतील तर ती पुन्हा पेटत नाही. स्प्रिंग मरगळली असेल तर पेटते. थर्मोस्टॅट उघडून जळके पॉइंट दिसले की मी आधी पातीचा जोर बोटाने दाबून बघतो.

चकतीवाला थर्मोस्टॅट उघडला, पण आत स्प्रिंग दिसली नाही. मग?

ती चकतीच स्प्रिंग आहे. कपाळाच्या मोठ्या टिकलीएवढी, किंचित बशीसारखी खोलगट, बायमेटलचीच. पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की थोडा वेळ तग धरतं आणि मग टक्‌कन आत बसतं, तशी ही चकती तापल्यावर एकदम उलटी होते. मधल्या अवस्थेत ती थांबूच शकत नाही. एक तर अशी, नाहीतर तशी.

अमेरिकेतल्या जॉन स्पेन्सर या माणसाची ही कल्पना. तरुणपणी तो मेन राज्यात लाकडाच्या गिरणीत बॉयलरची भट्टी सांभाळत असे. भट्टीचं गोल झाकण तापलं की टक्‌कन बाहेर फुगायचं आणि निवलं की परत आत बसायचं, हे त्याच्या ध्यानात राहिलं. त्यातून १९२०च्या दशकात ही चकती बाजारात आली. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्याने काही विशेष केलं नव्हतं, आवाज ऐकून तो तिथेच सोडला नव्हता एवढंच.

प्रयोग घरी करण्यासारखा आहे. भंगारातल्या ८५ अंशांच्या थर्मोस्टॅटची चकती काढून मी ती चहाच्या पातेल्यात पाण्यात टाकली, शेजारी थर्मामीटर धरला आणि गॅस बारीक ठेवला. सत्तरला काही नाही, ऐंशीला काही नाही. बुडबुडे धरायला लागले, आणि चौऱ्याऐंशीच्या आसपास चकतीने पाण्यातच उडी मारली. टण्ण असा आवाज पातेल्याच्या बुडाला आला. गॅस बंद करून पाणी निवू दिलं, तर साठच्या थोडं वर ती परत उलटली. मुलांना दाखवा, आवडेल. फक्त वीज जोडलेल्या थर्मोस्टॅटवर हा खेळ करू नका.

८५ला तुटतो, तर ८४ला परत का जोडत नाही?

तसं झालं असतं तर बिचारा मिनिटाला दहा वेळा टकटक करत बसला असता आणि महिन्यात पॉइंट गेले असते. चकती उलटायला जेवढा ताव लागतो, त्याहून बरीच खाली उतरल्यावरच ती सुलटते. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. साध्या चकतीत १५ ते ३० अंश, गिझर-फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्ये त्याहून कमी. म्हणूनच गिझरचा दिवा गेल्यावर लगेच परत लागत नाही. तो बिघाड नव्हे.

गिझरमधला थर्मोस्टॅट आणि कटआउट एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ महागात पडतो.

थर्मोस्टॅट रोजचा गडी आहे. तुम्ही ठरवलेल्या तापमानाला वीज तोडतो, पाणी निवलं की स्वतःच जोडतो. जुन्या पद्धतीच्या गिझरमध्ये तो दांडीसारखा असतो: बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हारची काडी. नळी वाढते, काडी वाढत नाही, त्या फरकाने वरचा स्प्रिंगचा स्विच सुटतो. दुसऱ्या प्रकारात तांब्याच्या केसासारख्या नळीत द्रव भरलेला असतो. तो फुगून पडदा ढकलतो आणि पडदा स्प्रिंगला.

कटआउट राखणदार आहे. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटून पाणी तापतच राहिलं, तर साधारण ९० अंशांच्या आसपास तो वीज तोडतो आणि स्वतःहून परत जोडत नाही. त्याच्या डोक्यावर लाल बटण असतं, ते माणसानेच दाबायचं. असं मुद्दाम केलेलं आहे, म्हणजे काय बिघडलं ते कुणीतरी येऊन बघेल.

कटआउटचं लाल बटण दर आठवड्याला सुटतं. दाबून वापरत राहिलं तर चालेल?

एकदा सुटलं तर दाबून बघा. दुसऱ्यांदा सुटलं की थांबा. बटण दाबण्याआधी गिझरचा मेन स्विच बंद करा, कारण झाकण काढल्यावर आतली टर्मिनल उघडी असतात.

बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच गेलेला असतो. खारं पाणी असलेल्या गावांत मात्र आधी एलिमेंट आणि दांडीची नळी तपासावी. त्यांच्यावर क्षाराचा पांढरा थर बोटभर जाडीचा झालेला मी काढला आहे. थर बसला की दांडीला पाण्याचा खरा ताव कळत नाही. वायरचा स्क्रू सैल असेल तर तिथेच उष्णता होते आणि कटआउट त्या उष्णतेने सुटतो, पाणी कोमटच असतं. स्क्रूजवळचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर तेच कारण समजा.

कटआउट काढून 'डायरेक्ट' करून द्या ना. दुसरे करून देतात.

मी करून देत नाही. कारण सांगतो.

३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर आता घरोघर आहे. २५ अंशांचं पाणी ६०ला न्यायला त्याला सुमारे अडीच मिनिटं लागतात. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आणि नळ बंद असला, तर ६०वरून १००वर जायला आणखी तीन मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात माणूस टॉवेल शोधून परत येतो. पुढे बंद टाकीत दाब वाढत जातो, आणि दाब वाढला की पाणी १००च्याही पुढे तापतं. अशा वेळी टाकी फाटली तर त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते.

माझ्याकडे असा एक गिझर आला होता. घरात पाहुणे यायचे होते, कटआउट सारखा सुटत होता, म्हणून कुणीतरी त्याच्या दोन वायरी पिळून टेप गुंडाळून दिली होती. रात्री स्विच चालू राहिला. सकाळी न्हाणीघर वाफेने भरलेलं, प्लास्टिकचं आवरण मेणासारखं ओघळलेलं. प्रेशर व्हॉल्व्ह मोकळा होता म्हणून टाकी टिकली. त्या घरातल्या आजी रोज पहाटे चारला अंघोळीला उठत. त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून पडून राहिल्या होत्या. तो पिळलेल्या वायरींचा तुकडा मी काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. डायरेक्ट करा म्हणणाऱ्याला आधी तो दाखवतो.

नवा कटआउट काही शे रुपयांत येतो आणि बसवायला अर्धा तास लागतो.

मिक्सर चटणी वाटताना बंद पडला आणि खालचं लाल बटण बाहेर आलंय.

मोटारीवर ताण आला, करंट वाढला, त्या करंटने छोटी बायमेटल तापली आणि अडकण सोडली. बटण बाहेर ढकलतं ती स्प्रिंगच. प्लग काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग बटण दाबा. लगेच दाबलं तर बसणार नाही, कारण पट्टी अजून गरम आहे. बोटाने जबरदस्तीने धरून ठेवू नका. सुकं खोबरं आणि भिजवलेल्या डाळी एका दमात वाटायला घेतल्या की हे हमखास होतं. भांडं रिकामं असतानाही सुटत असेल तर बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ते कडं) घट्ट झाली असेल, दुकानात आणा.

इस्त्री एकदम थंड पडली. वायर चांगली, एलिमेंट चांगलं. मग काय गेलं?

बहुधा थर्मल फ्यूज. हा या कुटुंबातला एकदाच कामाला येणारा सभासद आहे, आणि त्याची रचना मला सगळ्यात आवडते. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी धातूची नळी. आत एका रसायनाची घट्ट गोळी, आणि गोळीच्या जोरावर दाबून ठेवलेली स्प्रिंग. गोळी घट्ट आहे तोवर पॉइंट जुळलेले. ठरलेल्या अंशाला गोळी वितळली की स्प्रिंग मोकळी होते आणि पॉइंट कायमचे वेगळे होतात. परत जोडायचा प्रश्नच नाही, गोळी गेली ती गेली.

अंगावर अंश छापलेले असतात. कुकरमध्ये १७२, इस्त्रीत २४० असे आकडे मला नेहमी दिसतात. जो आकडा निघाला तोच बसवायचा. जास्त अंशाचा मिळतोय म्हणून तो टाकणं म्हणजे राखणदाराच्या कानात बोळे घालणं. आणि एक: याचे पाय डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडू नका. सोल्डरिंगचं टोक साडेतीनशे अंशांचं असतं, त्या तावाने नवा फ्यूज बसवता बसवताच जातो. पक्कडीने दाबून बसणारी नळी वापरा. फ्यूजच्या धातूच्या अंगातही वीज असते, म्हणून वरून काचेच्या धाग्याची स्लीव्ह हवीच.

फ्यूज बदलण्याआधी इस्त्रीचा रोजचा थर्मोस्टॅट तपासा. त्याचे पॉइंट चिकटले म्हणूनच बहुतेकदा फ्यूजवर पाळी आलेली असते.

राइस कुकरला भात शिजला हे कसं कळतं?

भाताबद्दल त्याला काही कळत नाही, त्याला पाणी संपलेलं कळतं. भांड्यात पाणी आहे तोवर बूड १०० अंशांच्या वर फारसं जात नाही. पाणी तांदळाने शोषलं की तापमान चढायला लागतं.

बुडाच्या मधोमध स्प्रिंगवर हलणारी एक गोल टोपी असते, ती भांड्याच्या बुडाला टेकलेली राहते. तिच्या आत फेराइटचा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या एका पदार्थाचा, तुकडा. तुम्ही दांडी दाबता तेव्हा खालचं लोहचुंबक वर जाऊन त्या फेराइटला चिकटतं आणि एक स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत थांबते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचा एक ताव असतो, त्यापुढे त्याचा चुंबकीय गुण जातो. पिएर क्यूरीने १८९५ मध्ये यावर काम केलं म्हणून त्याला क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचं ते ७७० अंश. कुकरचं फेराइट असं बनवतात की ते १०३च्या आसपास असावं. तिथे पोचलं की फेराइट चुंबकाला धरेनासं होतं, स्प्रिंग त्याला खाली ढकलते, दांडी खट्‌कन वर येते. इथे बायमेटल नाहीच, तरी युक्ती तीच.

मग महाबळेश्वरला कुकर बंद होईल का? तिथे पाणी लवकर उकळतं.

होईल. तिथे पाणी साडेपंचाण्णवच्या आसपास उकळतं, पण कुकर उकळीवर नव्हे, पाणी संपल्यानंतरच्या चढत्या तावावर बंद होतो. ९५वरून १०३ गाठायला थोडा जास्त वेळ लागेल, खरवड किंचित जास्त धरेल, एवढंच.

किटलीचं झाकण उघडं राहिलं तर ती बंदच होत नाही. बिघडली का?

नाही. किटलीची चकती पाण्यात नसते, मुठीजवळ असते, आणि वाफ एका बारीक वाटेने तिच्यापर्यंत पोचते. झाकण उघडं असलं की वाफ वर निघून जाते. पाणी पूर्ण आटलं तर बुडाखालची दुसरी चकती वीज तोडते. तिच्या भरवशावर राहू नका, झाकण लावा.

एमसीबी फक्त मे महिन्यातच का पडतो?

विदर्भातून हा प्रश्न जास्त येतो, आणि रास्त आहे. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किटसाठी कॉइल, ती डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडते. ओव्हरलोडसाठी बायमेटल, ती सावकाश तापून अडकण सोडते. दांडी वर करताना बोटाला जो जोर लागतो, तो आतली स्प्रिंग भरण्याचा असतो. दांडी बोटाने वर धरून ठेवली तरी आतून तो सुटतोच.

आता मुद्द्याचं. घरगुती एमसीबीवरचा आकडा भोवताली ३० अंश धरून ठरवलेला असतो. त्या हिशोबाने १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडू नये आणि २३ अँपिअर झाले तर तासाभरात पडावाच. पण नागपूर-चंद्रपूरला बाहेरच ४५ असतं आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डब्यात ५५. बायमेटलला ही उष्णता आधीच मिळालेली असते. मग तो चौदाच्या आसपास धरूनच थकतो, आणि नेमका तेव्हाच एसी आणि कूलर जोरात चालू असतो.

उपाय म्हणून २५चा एमसीबी घालू नका. एमसीबी आधी वायरला वाचवतो. वायर १६च्या हिशोबाची राहिली तर भिंतीतली वायर तापेल आणि एमसीबी गप्प बसेल. एसीला स्वतंत्र लाइन काढा, डबा उन्हातून हलवा, डब्यात एमसीबींच्या मधे जागा सोडा, आणि सगळ्यात आधी त्याचे स्क्रू घट्ट आहेत का बघा.

पंपाचा ओव्हरलोड रिले सारखा तुटतो. डायल पुढे फिरवून ठेवलं तर?

मोटार जळेल. शेतकऱ्याचा माल बाजारात यायच्या वेळी मोटार जळते तेव्हा काय होतं ते मी दरवर्षी बघतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

५ एचपीच्या थ्री फेज मोटारीचा पूर्ण भाराचा करंट साधारण साडेसात अँपिअर असतो. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर कोरलेला असतो. रिलेचं डायल त्याच आकड्यावर ठेवायचं. रिलेत तिन्ही फेजच्या तीन बायमेटल पट्ट्या असतात. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) एक फेज गेला की चालती मोटार उरलेल्या दोनवर तेवढंच पाणी ओढायला बघते आणि त्यांच्यातला करंट पावणेदोन पट, म्हणजे तेराच्या घरात जातो. डायल साडेसातवर असेल तर रिले थोड्याच वेळात तोडतो. डायल तेरावर फिरवून ठेवलं असेल तर रिलेला सगळं आलबेल वाटतं आणि वायंडिंगचा वार्निश जळायला लागतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

दुसरी चूक त्याहून जास्त दिसते. रिलेवर हाताने आणि आपोआप अशा दोन रीती निवडायची सोय असते. रात्रपाळीची लाइट, थंडी, विहीर लांब. म्हणून लोक लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवतात आणि रिलेही 'ऑटो'वर ठेवतात. मग एक फेज गेलेला असताना मोटार सुरू होते, घुरघुरते, रिले तोडतो, पट्ट्या निवतात, रिले स्वतःच जोडतो, मोटार परत घुरघुरते. रात्रभर हाच खेळ. सकाळी मोटार काळी. ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर रिले हातावर ठेवा आणि फेज गेलेला ओळखणारं सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा. कन्डेन्सर लावून मुद्दाम टू फेजवर चालवणार असाल तर रिलेचं संरक्षण त्या वेळी धरूच नका, मोटार दर थोड्या वेळाने हाताने बघा.

आणखी एक, स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (जो मोटार आधी कमी जोराने सुरू करून मग पूर्ण जोरावर नेतो) रिले बहुधा डेल्टाच्या आतल्या वायरींवर असतो. तिथे पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पटीवर डायल ठेवायचं. पाटी २० म्हणत असेल तर साडेअकरा-बारा.

फ्रिज मागे दर दोन-चार मिनिटांनी टक् करतो आणि सुरूच होत नाही.

कॉम्प्रेसरच्या अंगावरचा ओव्हरलोड तोडतोय आणि जोडतोय. आम्ही त्याला ओएलपी म्हणतो. त्याला दोष देऊन तोच बदलला तर बहुतेक वेळा काही फरक पडत नाही. व्होल्टेज कमी आहे का, सुरू करणारा रिले गेलाय का, कॉम्प्रेसर जाम आहे का, या क्रमाने बघा. तोवर प्लग काढून ठेवा.

ट्यूबच्या स्टार्टरमध्येही हेच?

हो. काचेच्या फुग्यात वायू आणि वाकडी बायमेटल. वायू चमकतो, त्याच्या उबेने पट्टी वाकून पॉइंट जुळतात, चमक विझते, पट्टी निवून सुटते, आणि त्या सुटण्याच्या धक्क्याने ट्यूब पेटते. हा एक उलटा: तापल्यावर जोडणारा.

सोलरच्या डीसीवर गिझरचा थर्मोस्टॅट वापरला तर चालेल?

थेट वापरू नका. वर सांगितलं की घरातला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, त्याला शून्य नाहीच. ठिणगी पेटली की पॉइंटच्या फटीत ती ज्योतीसारखी उभी राहते. २५० व्होल्ट एसीला, म्हणजे घरातल्या उलटसुलट करंटला, १० अँपिअर झेपवणारा स्विच तेवढ्याच डीसीला त्याच्या लहानशा अंशापुरताच लायक असतो. डीसीचा आकडा वेगळा छापलेला असेल तोच माना. नसेल तर थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवा आणि मोठा करंट डीसीसाठीच बनवलेल्या कॉन्टॅक्टरला तोडू द्या.

स्विच चांगला आहे की गेलाय, घरी कसं कळेल?

प्लग काढा, एक वायर सोडा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. थंड असताना बीप आला पाहिजे. नाही आला तर आधी रिसेटचं बटण आहे का बघा, ते दाबून परत लावा. गरम केल्यावर बीप तुटला पाहिजे. चकतीवाला असेल तर केसांच्या ड्रायरची गरम हवा बहुधा पुरते. बीप कधीच तुटत नसेल तर पॉइंट चिकटलेत, आणि तो न जोडणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

पॉइंट पॉलिश पेपरने घासले तर?

रात्र काढायला ठीक. पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो, घासला की तो जातो. दुसऱ्या दिवशी नवा आणा.

नवा आणायला गेलो तर दुकानदाराला काय सांगायचं?

जुना सोबत न्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'गिझरचा थर्मोस्टॅट द्या' म्हटलं तर समोर सात प्रकार येतील. चार गोष्टी जुळवा: अंश, अँपिअर, स्वतः जोडणारा की बटणाचा, आणि थंड असताना जुळलेला की उघडा. केएसडी ३०१ ही चकतीवाली जात सगळीकडे मिळते, पण तिच्यात हे चारही पर्याय एकाच चेहऱ्याचे असतात, फरक फक्त अंगावरच्या बारीक अक्षरांत. माझ्याकडे एकाने थंड असताना उघडा असलेला इन्क्युबेटरला लावून आणला होता. पिल्लांची पेटी तापायचं नाव घेईना. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, आणि दुकानातून निघण्याआधी मीटर लावून बीप ऐका.